पेंडसेकाकांची पितळी नळी

आमच्या शेजारचे पेंडसेकाका शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मल्टिमीटर ठेवतात. कोणाकडे चहाला गेले की आधी टीव्हीच्या रिमोटच्या सेलमध्ये किती जीव उरलाय ते मोजतात, मग कप हातात घेतात. आमचे दोन सेल त्यांनी मला न विचारताच बाद केले. "गेलेत हे," म्हणाले, "उगाच आशा लावून बसू नकोस."

काका पूर्वी वीज कंपनीत इंजिनिअर होते. काही बिघडलं की वीज आपोआप तुटेल अशी व्यवस्था करायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर इकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आले आणि दोन वर्षांपूर्वी चाळीस वर्षांची सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, धरलं. तेही मेकॅनिकल! पितळेची नळी, आत बॅटरी, वर तापणारी कॉइल, खाली बटण. चिप नाही, स्क्रीन नाही, काही चुकलं तर थांबवणारं कोणी नाही. जन्मभर लोकांच्या सुरक्षेची सोय केलेल्या माणसानं स्वतःसाठी नेमकं हेच निवडावं, याला काय म्हणायचं?

"बॅटरी आणि कॉइल, दोघांचं छान जमलंय," काका म्हणत. "मध्ये तिसरा कशाला?"

हे 'मध्ये तिसरा कशाला' त्यांचं सगळीकडे चालतं. थर्मोस्टॅट बंद, खिडक्या उघड्या. जीपीएस नको, म्हणून एकदा देवळात जायला निघालेलो आम्ही सॅन होजेच्या एअरपोर्टवर पोचलो. त्यावर म्हणतात कसे, "एअरपोर्टचा रस्ता तरी कळला ना?"

मग दुसऱ्या राज्यातून, बॉथेलहून, मुलीचा फोन आला. मृण्मयीला आठवा महिना. काका मदतीला दोन महिने जाणार, बॅग भरायलाही घेतलेली. तिनं स्पीकरवरच सुनावलं, "बाबा, ती नळी घेऊन माझ्या घरी यायचं नाही. बॅटरी फुटली म्हणजे? तू सगळंच सोडलंस तर बेस्ट, पण निदान रेग्युलेटेड घे, चिपवालं. आय मीन इट."

आठवडाभर काका रुसून बसले. बॅग तशीच हॉलमध्ये उघडी. शेवटी शनिवारी दारात येऊन म्हणाले, "व्हेपच्या दुकानापर्यंत ड्राइव्ह करशील का गं?"

दुकानातल्या निळ्या केसांच्या बाईची त्यांनी अर्धा तास तोंडी परीक्षा घेतली. शॉर्ट झालं तर? बंद होतं, सर. बॅटरी उलटी घातली तर? चालूच होत नाही, सर. फार तापलं तर? बंद होतं, सर. काकांचा चेहरा पडत चालला होता. एकही चूक सापडेना. शेवटी तिनं स्क्रीनवरचा एक आकडा दाखवला, "आणि हे दिवसभरातले पफ मोजतं."

"मोजतं?" काका म्हणाले. पुढे एक प्रश्न नाही. सरळ कार्ड काढलं.

गाडीत मी चिडवलं, "घेतलात ना अखेर तिसरा?" काका खोका मांडीवर धरून बसले होते.

"कुसुम मोजायची," ते म्हणाले.

काकू जाऊन तीन वर्षं झाली. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

"ॲशट्रे साफ करताना मोजायची. कधी रागावून बोलली नाही. 'आज अकरा झाल्या' एवढंच. मग मी दुसऱ्या दिवशी दहावर थांबायचो. ती गेल्यावर मी किती ओढतो, याच्याशी कोणाला काय देणंघेणं?"

फार वाईट वाटलं. मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले. नवं यंत्र माझ्यासमोर धरलं. त्र्याण्णव.

"जास्त आहेत का गं?"

मला व्हेपमधलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, "मला काय विचारता? मृण्मयीला फोटो पाठवा."

बराच वेळ घुटमळले, मग पाठवला. मिनिटभरात तिचा मेसेज आला. काकांनी तो मोठ्यानं वाचला, "बाबा, टू मच. उद्या ऐंशी. रोज सहा वाजता मला आकडा पाहिजे. आणि तिकीट काढ."

काका उभ्या उभ्या तो पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"हिला ओरडता येतं हं," ते म्हणाले. "आईला कधी जमलं नाही."