धार मोडणारी गया

मंगळवारी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसून नव्या पितळी ताटाची कड दगडावर घासत होतो. ती ताट धरे, मी दगड फिरवी. मधूनच ती कडेवरून बोट फिरवून म्हणे, "अजून लागते. घासा." लोक नवा विळा आणला की त्याले धार लावतात. आमच्या घरात कोणतीही वस्तू आली की पहिले तिची धार मोडायची. तीस वर्षं मी हेच केलं. ताट गुळगुळीत झालं, तशी ती "झालं आता" म्हणाली अन् आत जाऊन आडवी झाली. छातीत जड वाटते म्हणे. दिवेलागणीले गेली.

ही माझी बायको, गया. मी चौथीपर्यंत शिकलो, सजवून लिहिता येत नाही. जशी होती तशी सांगतो.

रोहिणखेडात आमच्या घराले लोक 'चिंध्यांचं घर' म्हणत. खाटेचे पाय, उंबऱ्याची कड, जात्याचा खुंटा, साऱ्यांले चिंध्या गुंडाळलेल्या. विळी अन् विळे तर घरात नाहीतच, शेजारच्या महबूबभाईकडं. भाजी चिरायची असली की ही त्यांच्या अंगणात जाऊन चिरून आणे. त्याची बायको म्हणे, "गयाबाई, अब पकाना भी इधरच कर लो."

हे सारं आमच्या नामदेवसाठी. त्याचं रक्त गोठत नाही. वाहू लागलं की थांबायचं नाव नाही.

त्याच्या आधी आम्हाले एक पोरगा झाला होता. बाराव्या दिवशी गावच्या सोनारानं त्याचे कान टोचले. कान झिरपतच राह्यले. कोणी हळद लावली, कोणी राख. चौथ्या दिवशी पोरगा गेला. मी भर बाजारात सोनाराची गचांडी धरली. म्हटलं, तुहा हात जड आहे. नामदेव झाला तेव्हा मी शहाणपणा केला अन् गाडी जुंपून नांदुऱ्याहून दुसरा सोनार आणला, हलक्या हाताचा. त्यानं एक कान टोचला, अन् पुन्हा तेच. दुसऱ्या कानाले गयानं हात लावू देल्ला नाही. टोचलेला कान चिमटीत दाबून ती एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बसली. जेवली नाही, हलली नाही. मी या सोनारालेही शिव्या द्यायले लागलो, तर म्हणाली, "चूप बसा. सोनार दोन, रक्त एकच."

मग तिचं येड सुरू झालं. लोक लग्नात जेवायले जात, ही मेलेल्यांची चौकशी करायले जाई. पंगतीत एखाद्या म्हातारीजवळ बसे अन् विचारे, "मावशी, तुह्या भावाचे दुधाचे दात पडले तवा रक्त किती दिस चाललं वं?" म्हातारीच्या हातातला लाडू हातातच राही. तिच्या माहेरी एका नवरीच्या बापानं मले बाजूले घेऊन सांगितलं, "जावईबापू, दोन घास जास्त जेवा, पण बाईले आवरा."

पण तिनं शोधून काढलं. तिचा मामा, तिचे दोन भाऊ, मावशीचा पोरगा, सारे रक्त जाऊन गेलेले. सारे पुरुष, अन् सारे बायांकडून. बापाकडून एकही नाही.

नामदेव सात वर्षांचा असताना त्याचा गुडघा टरबुजासारखा सुजला. मी चोळणारा बोलावला, तिनं त्याले खराट्यानं हाकलला. मग गाडी जुंपून, घाट चढून आम्ही बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर नागपूरहून बदलून आलेला. त्यानं काही विचारायच्या आतच हिनं सारी मयतं एका दमात सांगितली. त्यानं लेखणी खाली ठेवली.

"बाई, हा आजार आईकडून मुलाला येतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मेलेल्यायनं."

औषध नाही म्हणाला. सूज आली तर गार पाण्याची पट्टी, पाय हलवायचा नाही, चोळायचं तर मुळीच नाही. जखम झाली तर कापड दाबून धरायचं अन् उचलून पाहायचं नाही. उचललं की धरलेली गुठळी निघते. झालं! त्या दिवसापासून गावात कोणालेही ठेच लागली की ही धावे, "दाब! पाहू नको! म्हनते ना, पाहू नको!" महबूबभाईचं बोट विहिरीच्या चाकात चेंगरलं, रक्ताचा थेंब नव्हता, तरी त्याले अर्धी दुपार बोट दाबून बसवला. गाव हसे. मीही हसे.

पण दवाखान्यातून घाट उतरताना ती पोराचा पाय हलू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून बसली होती. नामदेव तिच्या मांडीवर झोपला होता. मग म्हणाली, "सोनाराले काऊन शिव्या देल्ल्या तुमी? मले द्यायच्या होत्या. माह्या रक्तातलं हाय."

माझं तोंड कधी रिकामं नसते, गाव जाणते. तेव्हा मी बैल हाकलले. पुढंही कधी त्या गोष्टीवर बोललो नाही. ती सांगे तसं घासू लागलो, एवढंच.

दिवस बुडाल्यावर नेत नाहीत, म्हणून बुधवारी सकाळी तिले नाल्यावर नेलं. भाऊबंद जमले. न्हाव्यानं वस्तरा काढला. माझा चुलतभाऊ सखाराम म्हणाला, "नामदेव, बस. अग्नी पोरगाच देते. केस उतरल्याबिगर तिले गती नाई."

नामदेवले काय होऊ शकते ते ठाऊक होतं. तरी तो पागोटं काढून बसला. "माय हाय, बाबा," म्हणाला.

मी त्याले बखोटीले धरून उठवलं. "ऊठ बे."

"दादा, लोक काय म्हनतीन?" सखाराम.

"म्हनतीन, म्हातारं येडं झालं. म्हनू दे. तिच्यापायी हा आजारी नाई झाला, सखाराम. तिच्यापायी जित्ता राह्यला. ऐकलं का साऱ्यायनं?"

जे तिले सांगायचं होतं, ते मी सखारामले सांगितलं.

मग मीच बसलो. म्हाताऱ्याचं डोकं, सारे खड्डे. कानामागं वस्तरा लागला. रक्त मानेवर उतरलं. न्हाव्याचा हात थांबला.

"चालू दे," मी म्हटलं. "हे माह्यं हाय. थांबते."

थांबलं. मी नाल्यात आंघोळ केली अन् ओल्या अंगानं तिले अग्नी देल्ला.