कपाटावरचा स्प्लिटर

"वहिनी, अर्ध्या तासाचं काम आहे," असं सांगून धाकटा सकाळी दहाला स्टुलावर चढला. दुपारी दोनला तो त्याच स्टुलावर होता आणि खाली खोलीत अकरा माणसं जमली होती.

काम खरोखरच साधं होतं. खांबावरून येणारा इंटरनेटच्या फायबरचा प्रकाश इमारतीतल्या आठ घरांना वाटून देणारी साबणाच्या वडीएवढी डबी म्हणजे स्प्लिटर. तिची जागा जिन्यातल्या पेटीत. थोरल्याने मात्र ती आपल्या घरात, कपाटाच्या वर ठोकली होती. केबल आधी घरात शिरायची, कपाटाला वळसा घालायची आणि मग जिन्यात परतायची. प्रत्येक वळणाला, प्रत्येक जोडाला प्रकाश थोडा थोडा गळतो. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तो पार मेटाकुटीला यायचा. मग कोणीतरी खाली येऊन बेल वाजवायचं आणि थोरला हसतमुखाने टेस्टर घेऊन निघायचा. तो वारल्याला तीन आठवडे झाले होते, तरी लोक सवयीने वहिनींचीच बेल वाजवत.

"तुझ्या भावाने निव्वळ आळसाने करून ठेवलंय ते," दोघा भावांच्या कंपनीतले साहेब म्हणाले होते. "आज डबी जिन्यात गेली पाहिजे." आळस हा शब्द धाकट्याच्या जिव्हारी लागला होता. भावाच्या कामाला कोणी नावं ठेवू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

केबल मोकळी करायला त्याने कपाट सरकवलं. कपाटाचा पाय केबलवर आला आणि तिसरा मजला बंद पडला. पाय उचलायला गेला तर हिसक्याने जोड निखळला आणि उरलेले मजलेही गेले.

"अहो, माझी विद्यार्थिनी वरच्या सुरावर अडकलीये!" गाण्याच्या बाई धापा टाकत आल्या. "तोंड उघडंच राहिलंय पोरीचं!"

"माझी मुलाखत चालू होती," तिसऱ्या मजल्यावरचा जावई म्हणाला. "त्यांनी विचारलं, तुमच्यात उणीव काय? आणि मी गायबच झालो."

वहिनींनी खुर्च्या मांडल्या. कप कमी पडले तेव्हा पेले काढले. जावयाच्या बोलण्यावर त्या चक्क हसल्या, मग आपण हसलो म्हणून दचकल्या आणि पदराने डोळे टिपून पुन्हा चहा गाळू लागल्या.

"भावजी, सावकाश होऊ द्या हं," त्या म्हणाल्या.

पण धाकट्याला घाम फुटला होता. त्याने जुनी केबल कापून टाकली आणि मग डबीचं झाकण उघडलं. आत नोंदीचा कागद चिकटवलेला होता. भावाचं वळणदार अक्षर. 'तोटा जास्त. चालेल. हिला घरी सोबत होते.'

धाकट्याने कागद दोनदा वाचला. त्याला रडू आलं. स्टुलावर उभ्याने, अकरा माणसांसमोर रडायची सोय नव्हती, म्हणून त्याने भिंतीकडे तोंड करून उगाच एक खिळा ठोकला. केबल कापून झाली होती. खाली माणसं खोळंबली होती. त्याने काम पुरं केलं.

आणि काय काम केलं! वरच्या मजल्यावरचा प्रकाश मीटरवर उणे अठ्ठावीसवरून उणे एकवीसवर आला, म्हणजे जवळजवळ पाचपट झाला. साहेबांनी पाठ थोपटली. आठवडाभर एकाही घरातून तक्रार नाही. इतकं चोख काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं आणि इतकं वाईटही त्याला कधी वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी तो वहिनींकडे गेला. बेल वाजताच दार उघडलं, जणू त्या दाराशीच उभ्या होत्या.

"कोणाचं बंद पडलं?" त्यांनी आशेने विचारलं.

"कोणाचंच नाही, वहिनी. सगळं व्यवस्थित चाललंय."

"हो का? बरं झालं." त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. चहाचं आधण ठेवलं. मग वहिनी हळूच, संकोचून म्हणाल्या, "भावजी, थोडंसं बिघडवता येतं का हो?"