विचाराधीन ब्रेक

पाणीपुरवठा खात्याच्या पिकअपच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क झिजल्या आहेत, असा अर्ज ड्रायव्हरने सोमवारी दिला. गाडीत पाईप भरून टाकीकडचा उतार उतरताना स्टिअरिंग थडथडतं आणि गाडी तिच्या मनात येईल तेव्हा थांबते, असंही त्याने नमूद केलं होतं. गाडीला मन असल्याची नोंद नसल्याने तेवढे शब्द कार्यालयाने खोडले.

खात्याच्या मेकॅनिकने चाक काढून जाडी मोजली. "ही डिस्क म्हणायची? नुसता पत्रा झालाय."

नव्या डिस्क भांडारात होत्या. काउंटरवरून दिसतही होत्या. पण जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. मेकॅनिकने गाडी जॅकवर चढवली, जुन्या डिस्क काढल्या आणि काउंटरवर आणून आपटल्या.

"गाडी चालू आहे का?" भांडारपालाने विचारलं.

"डिस्क तुमच्या पुढ्यात पडल्यात. चालेल कशी?"

"मग ती बंद गाडी. बंद गाडीला सुटे भाग देत नाही, ती लिलावात जाते. आधी चालू करून आणा."

जुन्या डिस्क परत बसवल्या. गाडी चालू झाली. 'चालू गाडीस नव्या डिस्कची गरज दिसत नाही,' असा शेरा आला.

ड्रायव्हर थेट साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, घरी दोन पोरी आहेत. भरलेली गाडी घेऊन मी उतरणार नाही."

"इतके दिवस उतरलास ना? काही झालं?"

"अजून नाही."

"मग झालं तर! उतरायचं नसेल तर घरी बस. बदली ड्रायव्हर रांगेत आहेत."

तरी माणुसकी म्हणून साहेबांनी मार्ग काढला. बॉनेटवर पाटी रंगवली: 'या वाहनाचे ब्रेक विचाराधीन आहेत. हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी कळवावी.' पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ वाचता यावी म्हणून अक्षरं उलटी काढली. तेवढं काम मात्र एका दिवसात झालं.

महिनाभर ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये, उडी मारता यावी म्हणून दार अर्धवट उघडं ठेवून उतार उतरला. आरशात पाटी तुम्हीही वाचलीत. हसलात, फोटो काढलात, घरच्यांना पाठवलात आणि झटकन बाजूला झालात.

काल मुदत संपली. फाईल बंद करताना साहेबांनी लिहिलं: 'पाटी असंख्य नागरिकांनी वाचली. एकाचीही हरकत नाही. जुन्या डिस्क कायम.'