अकरा नंबरचा बिल्ला

"जेवताना नको विचारू," पूर्णिमा म्हणाली. "जेवताना बाबांचा मूड चांगला असतो, तो खराब होईल."

"मग काय मूड खराब असताना विचारू?" हृषीकेशने बॅगा डिकीत टाकल्या.

"चढताना नको, त्यांना धाप लागते. चहाच्या आधी तर बिलकुल नको. मतलब, चांगला मोका बघून तूच विचार. मी विचारलं की म्हणतात, तुझ्या नवऱ्याने शिकवून पाठवलं असेल."

विचारायचं होतं ते एवढंच, की पूर्णिमाच्या वडिलांनी अन्नपूर्णा वस्तीतलं घर बंद करून शहराबाहेर राऊला लेकीकडे राहायला यावं. उदयसिंह जगदाळे चौऱ्याहत्तर वर्षांचे. पत्नी गेल्यापासून दोन वर्षं एकटेच. मागच्या महिन्यात ते बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि तासभर कुणाला पत्ताच नव्हता. पण त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि ते स्वतः तीस वर्षं पाटबंधारे खात्यात. दुसऱ्याच्या घरी राहायला जाणं त्यांना शरण जाण्यासारखं वाटे. त्यात जावयाबद्दल त्यांचं मत साखरपुड्याच्या दिवशीच झालं होतं: माणूस चांगला, पण धांदरट. लग्नाला आठ वर्षं झाली तरी त्यात काही दुरुस्ती झाली नव्हती.

म्हणून शनिवार-रविवार तांबाटोला ठरलं. सातपुड्याच्या माथ्यावरचं हे गाव इंग्रजांनी तांब्याच्या खाणीसाठी वसवलेलं. खाण बंद पडून चाळीस वर्षं झाली. आता साहेबाच्या बंगल्यात हॉटेल आहे, आणि खाणीत डोक्यावर दिव्याची टोपी घालून पर्यटक हिंडतात.

तीन वाजता ते खाणीच्या तोंडाशी पोचले. वाटाड्या बिसराम स्वतः तरुणपणी याच खाणीत राबलेला. त्याने प्रत्येकाच्या हातावर नंबर कोरलेला पितळी बिल्ला ठेवला आणि दाराशेजारचा लाकडी फळा दाखवला. "बाहर आते ही अपना बिल्ला अपनी कील पर टाँगना है. एक भी कील खाली रही तो समझो एक आदमी अंदर है. मज़ाक नहीं है, साहब."

एकूण सतरा जण होते. हे तिघं, आणि एका कॉलेजच्या सहलीची चौदा मुलं-मुली. तासभर बोगद्यात फिरून सगळे बाहेर आले. फळ्याशी झुंबड उडाली. कॉलेजची मंडळी बिल्ले अडकवून थेट बसमध्ये चढली आणि बस घाटाकडे निघूनही गेली. मग बिसरामने फळा मोजला.

त्याने पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा मोजताना तो प्रत्येक बिल्ल्याला बोट लावत होता. सोळा बिल्ले होते. अकरा नंबरचा खिळा रिकामा होता.

"एक कम है," तो म्हणाला.

"कॉलेजच्या एखाद्या पोराने नेला असेल," हृषीकेश म्हणाला. त्याने स्वतःचा नऊ नंबर नीट अडकवला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं.

"फोन लावा त्या बसवाल्यांना," उदयसिंहांनी फर्मावलं. पण घाटात नेटवर्क नव्हतं. बिसराम चौथ्यांदा मोजायला लागला. उदयसिंहांनी मागे वळून इकडेतिकडे पाहिलं, आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"मोजत काय बसलास?" ते कडाडले. "मैंने खाँसी सुनी है! अंदर से! बाहर आते वक्त, साफ सुनी है."

"कहाँ से, बाबूजी?"

"वो... बगल वाले बोगदे से."

बिसराम पांढराफटक पडला. बाजूचा बोगदा म्हणजे चार नंबर. त्याचं छत कच्चं होतं म्हणून तोंडाला जाळी लावलेली, आणि जाळीचा एक कोपरा गेल्या पावसाळ्यापासून सुटलेला. तो धावत चौकीत गेला. पुढच्याच क्षणी खाणीचा भोंगा वाजला.

तो भोंगा गावाने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ज्यांनी पूर्वी ऐकला होता, ते हातातलं काम टाकून धावत आले. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून फळ्यापुढे उभ्या राहिल्या. चाळीस किलोमीटरवरच्या चालू कोळसाखाणीतलं बचाव दल निघालं. घाटाखालच्या पोलिसांना बस अडवायला सांगितलं गेलं. पूर्णिमा एव्हाना वडिलांच्या शेजारी येऊन उभी होती.

ऊन कललं आणि गारठा वाढला. हृषीकेशने हात जॅकेटच्या आतल्या खिशात घातला, आणि त्याच्या बोटांना काहीतरी गोल, थंड लागलं.

बाहेर काढून बघायची गरजच नव्हती, तरी त्याने बघितलं. अकरा. मग त्याला आठवलं. आत शिरताना पूर्णिमा म्हणाली होती, "माझ्या कुर्त्याला खिसा नाहीये यार, माझा पण तूच ठेव."

त्याने तिला हाताला धरून चहाच्या टपरीमागे नेलं आणि मूठ उघडली.

"हा तर माझा!" पूर्णिमाचे डोळे विस्फारले. "तू टांगला नाहीस?"

"तू आठवण नाही करून दिलीस!"

"आता ते राहू दे. जा, लगेच सांग."

"सांगतो ना. पण बाबांनी खोकला ऐकलाय. मग तो कोण आहे?"

हा प्रश्न खरा होता. बिल्ला सापडला म्हणून आतला माणूस खोटा ठरत नव्हता. उद्या शोध थांबवला आणि खरंच कुणी आत असलं तर? आणि नसलं तर, एवढं गाव, एवढी धावपळ, आणि मध्ये उभे बाबा.

तो सासऱ्यांकडे गेला. ते गावकऱ्यांना अंतर राखून उभं करत होते. "बाबा, एक सांगायचं होतं."

"आत्ता नाही, हृषीकेशराव. आत माणूस अडकलाय. घरचे विषय नंतर."

"पण बाबा, ते..."

"नंतर म्हटलं ना!"

हृषीकेशचा धीर तिथेच संपला. मग त्याने सगळ्यात सोपं दिसणारं काम केलं. सगळ्यांचं लक्ष बोगद्याकडे असताना तो फळ्याजवळून सहज चालत गेला आणि बिल्ला अकराच्या खिळ्यावर अडकवून आला. सतरा झाले, आता प्रकरण आपोआप मिटेल, असं त्याला वाटलं.

पाच मिनिटांनी एक म्हातारी किंचाळली. "ग्यारह आ गया!"

गर्दी फळ्याकडे लोटली. "मैंने चार बार गिना था," बिसराम म्हणाला, "कील खाली थी." कुणीतरी कुजबुजलं, की खाणीतल्या एका जुन्या अपघातात गेलेल्यांपैकी एकाचा नंबर अकराच होता. कुणीतरी नारळ आणायला पळालं. एक बाई मटकन खाली बसली आणि तिला वारा घालायला चार जणी धावल्या. पूर्णिमाने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे खाणीतला अंधार बरा वाटावा.

तेवढ्यात बचाव दलाची गाडी आली. सहा जवान, पाठीवर सिलेंडर, दोर, स्ट्रेचर. त्यांचे प्रमुख राठौरसाहेब यांनी भुताची हकीकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला. "खाँसी किसने सुनी?"

"मैंने," उदयसिंह म्हणाले.

"पक्का?"

उदयसिंहांनी एकदा लेकीकडे पाहिलं. "पक्का."

"तो जाना पड़ेगा. छत खराब है, पर जाना पड़ेगा."

पहिला जवान कमरेला दोर बांधू लागला. बांधून झाल्यावर त्याने खिशातला मोबाइल काढून सोबत्याच्या हातात दिला. "घर से फोन आए तो बोलना, ड्यूटी पर है." एवढंच म्हणून तो जाळीकडे वळला.

"थांबा!" हृषीकेश ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "रुकिए भिया, अंदर मत जाओ! वो बिल्ला मेरे पास था. मेरी बीवी का था, मेरी जेब में रह गया. मैंने ही चुपके से टाँगा. कोई भूत-वूत नहीं है. गलती मेरी है."

राठौरसाहेब जवळ आले. त्यांनी जे सुनावलं ते थोडकं होतं, पण त्यातला प्रत्येक शब्द हृषीकेशला आयुष्यभर पुरणार होता. मग ते उदयसिंहांकडे वळले.

"और खाँसी, बाबूजी? वो भी जेब में थी क्या?"

उदयसिंहांनी तोंड उघडलं.

"खॉक," आवाज आला. पण तो बोगद्यातून आला होता.

सगळे जागच्या जागी थिजले. पुन्हा, स्पष्ट, घसा खरवडून: "खॉक. खॉक."

राठौरसाहेबांनी हात वर करून शांत राहायला सांगितलं, आणि दोन जवान छताला टेकू देत पावलापावलाने आत गेले. दोराचा प्रत्येक हात मोजून सोडला जात होता. वीस मिनिटं गावाने श्वास रोखला. मग आतून हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एका जवानाच्या खांद्यावर बसून एक काळी बकरी बाहेर आली. तिला सपाटून सर्दी झाली होती.

"मेरी मुनिया!" मघाशी मटकन बसलेली बाई उठून धावली. बकरी तीन दिवस बेपत्ता होती. बाई रडली, बकरी शिंकली, आणि गाव एकदम हसायला लागलं. घाटाखालून निरोप आला, बसमध्ये चौदाच्या चौदा आहेत. राठौरसाहेबांनी रजिस्टर उघडलं, बराच वेळ पेन हातात धरून विचार केला, आणि लिहिलं: एक जीव सकुशल बाहर निकाला गया.

संध्याकाळी हॉटेलच्या शेकोटीपाशी उदयसिंहांच्या कानांचीच चर्चा होती. "इस उमर में ऐसे कान!" मॅनेजर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. उदयसिंह मात्र पापडाचा एक तुकडा घेऊन बसले होते. थोड्या वेळाने ते उठले आणि जावयाला खुणेने बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

हृषीकेश मान खाली घालून उभा राहिला. "बाबा, चुकलंच माझं."

"चुकलंच," उदयसिंह म्हणाले. "पण तो मुलगा आत जायच्या आधी बोललात. मी नाही बोललो."

"म्हणजे?"

"मी काही ऐकलं नव्हतं."

हृषीकेशने मान वर केली.

"तो बिसराम एक कमी म्हणाला. मी मागे वळून पाहिलं, तर पूर्णिमा नाही. कुठेच नाही. आणि तो शहाणा नुसता मोजतोय. म्हटलं, असं मोजत बसला तर आत कुणी जाणारच नाही. तोंडातून निघून गेलं, खोकला ऐकला." ते थांबले. "दोन मिनिटांनी ती बाथरूमकडून हात पुसत आली."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तोवर भोंगा वाजला होता, हृषीकेशराव." त्यांचा आवाज बारीक झाला. "ती बकरी खोकली नसती, तर मी काय बोललो असतो, मला माहीत नाही."

मग हृषीकेशने एका दमात विचारून टाकलं. "बाबा, राऊला आमच्याकडे राहायला या. एकटे नका राहू."

"येतो," उदयसिंह म्हणाले. "पण खोकल्याचं पूर्णिमाला कळता कामा नये. कधीच."

"बिलकुल नाही."

दार उघडलं आणि पूर्णिमा बाहेर आली. "काय चाललंय दोघांचं इथे थंडीत?"

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.