पिकअप डोळे मिचकावते

"आई, उद्यापासून तू घरी बस. चादरी पोचवायला ही येईल माझ्याबरोबर," मुलगा म्हणाला, आणि अक्कांच्या हातातली चादर अर्ध्या घडीवरच थांबली.

टेकडीवरच्या लॉजच्या चादरी अक्कांच्या लाँड्रीत धुतल्या जात. दिवेलागणीला पिकअप निघे. मुलगा चालवी आणि शेजारी अक्का, मांडीवर इस्त्रीच्या चादरी घेऊन. मागच्या हौद्यात टाकलेल्या चादरींची इस्त्री आणि शेजारणीला सांगितलेलं गुपित, दोन्ही टिकत नाहीत, असं त्यांचं मत. ती सीट म्हणजे अक्कांची गादी होती. लॉजचा मॅनेजर खाली येऊन नमस्कार करी तो अक्कांना, गाडीला नव्हे.

"का म्हणून घरी बसू?"

"दिव्यांमुळे. परवा एकटा गेलो, दिवे ठणठणीत. काल तू होतीस, तर लुकलुक लुकलुक. समोरच्या टँकरवाल्याला वाटलं, मी त्याला खुणा करतोय. काय काय बोलला तो!"

"म्हणजे गाडीला माझी दृष्ट लागते होय रे?"

"दृष्ट नाही गं..." मुलाने आवाज खाली आणला. "वजन."

सुनेने घाईघाईने तोंडात कपड्यांचा चिमटा धरला. हसू दाबायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

अक्का भडकतील म्हणून मुलगा दोन पावलं मागे सरला. पण अक्का पिकअपकडेच बघत राहिल्या. राग नंतरही करता येतो. आधी भानगड काय ते कळायला हवं. "मिस्त्रीला बोलाव," त्या म्हणाल्या. "डाग कशाचा हे कळल्याशिवाय मी साबण लावत नाही."

मिस्त्री आला. त्याने बल्ब बदलले, फ्यूज बघितले, बॅटरीची टोकं घासली. मग गाडी अंगणात वाळणाऱ्या चादरींसमोर उभी केली. दिवे लावले तसे पांढऱ्या चादरींवर दोन पिवळे गोल उमटले. मुलाने इंजिन चालू करून रेस दिली. गोल जागचे हलले नाहीत.

"आता आई, तू बस."

अक्का बसल्या. मुलाने रेस दिली. गोल गेले, आले, गेले, आले.

"बघितलंस?" मुलगा म्हणाला.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "तसं नाही अक्का, पण गाडीला जरा त्रास होतोय."

"कशाचा?"

"म्हणजे... बसण्याचा."

"कोणाच्या?"

"तसा सगळ्यांच्याच," मिस्त्री म्हणाला आणि उगाचच चाकामागे जाऊन बसला.

अक्का खाली उतरल्या. "सूनबाई, तू बस. आणि मांडीवर ते ओल्या चादरींचं गाठोडं घे."

"अक्का, ते उचलायला दोघं लागतात!"

"मग दोघांनी उचला. वजनच बघायचंय ना ह्याला?"

गाठोड्यामागे सून दिसेनाशी झाली. सीटने कण्हून घेतलं. मुलाने रेस दिली, पुन्हा दिली. पिवळे गोल शिकवणीला बसल्यासारखे शहाणे.

"आता बोल!" अक्का म्हणाल्या. "वजन म्हणे!"

"माझे पाय भिजले," गाठोड्यामागून आवाज आला.

मिस्त्री आता खुलला. "अक्का, परत बसा. ए, तू रेस दे. मी खालून बघतो." तो उघड्या दारापाशी उकिडवा बसला. इंजिन गुरगुरलं मात्र, अक्कांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि मॅटवर कचकन दाबला गेला. चादरींवर अंधार.

"अक्का, हे काय करताय?"

"कुठं काय? ब्रेक दाबतेय."

"तिकडे ब्रेक नाहीये!"

"मला माहीत आहे. पण हा चालवायला लागला की माझा पाय ऐकत नाही."

मॅटला टाचेच्या आकाराचा खड्डा पडला होता. खाली दिव्यांच्या वायरचा जोड निघाला, नुसता पिळा मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेला. पाय पडला की जोड सुटे, पाय उचलला की चिकटे.

"हा जोड कोणी घातला?" मिस्त्रीने विचारलं.

मुलाने आभाळाकडे बघितलं. गाण्यांचा टेप त्याने स्वतःच बसवला होता, ह्याच वायरला जोडून.

मिस्त्रीने वायर नवी टाकली आणि बाजूच्या पत्र्याआडून फिरवून घेतली. दिवे स्थिर झाले. तरी मुलाने आपलं घोडं दामटलंच, "पण चूक पायाचीच होती ना! असले पाय घेऊन पुढे बसू नये माणसाने."

"माझा पाय उगाच जात नाही," अक्का म्हणाल्या. "मिस्त्री, ह्याचा ब्रेकपण बघून टाक."

मिस्त्रीने ब्रेक दाबला. पेडल सरळ जमिनीला टेकलं. त्याने चाक खोललं, आत बोट फिरवलं आणि मुलाकडे असं बघितलं की मुलगा पुन्हा आभाळ शोधू लागला. "टेकडीवरून खाली कसा येत होतास रे?"

"हळूहळू," मुलगा पुटपुटला.

"आई शेजारी असायची म्हणून," अक्का म्हणाल्या.

ब्रेकचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी उरकलं. दिवेलागणीला पिकअप निघाली तेव्हा पुढच्या सीटवर कोण बसणार हे कोणी विचारलं नाही. दिवे टेकडीभर लखलखीत. लॉजच्या फाटकाशी मुलाने रोजच्या सवयीने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी खिळल्यासारखी उभी राहिली आणि त्याचं नाक स्टिअरिंगवर आपटलं.

अक्का जागच्या हलल्या नाहीत, मांडीवरच्या चादरीची घडीही मोडली नाही. त्यांनी ब्रेक कधीचाच दाबून ठेवला होता.