गोमाजीभाऊंची तिखाडी

आलापल्लीत आमच्या शेजारी गोमाजीभाऊंकडे जायचं, तर आधी खिसे रिकामे करावे लागत. फाटकाला एक जुना पत्र्याचा डबा टांगलेला होता. काडीपेटी, लायटर, बिडी, जे असेल ते त्यात टाकायचं आणि मग आत यायचं. मी विड्या ओढणारा शाळामास्तर, त्यामुळे माझी झडती जरा कसून होई. "मास्तर, वरचा खिसा राह्यला." सकाळी मी पोरांचे खिसे तपासायचो आणि संध्याकाळी भाऊ माझे.

जंगलखात्यात भाऊंची सगळी नोकरी वणवे विझवण्यात गेली. अशा माणसाने अंगणात झेंडू लावावा, जास्वंद लावावी. यांनी लावलं ते सगळं पेट घेणारं. पुढे गवती चहा आणि मरवा, कोपऱ्यात निलगिरी, आणि मागचं अख्खं परस तिखाडीने भरलेलं. तिखाडी म्हणजे डोंगरउतारावर येणारं वासाचं गवत. त्याचं तेल काढतात. उन्हाळ्यात ते उभ्या उभ्या वाळतं, मग एका ठिणगीचं काम असतं.

गल्लीतले लोक दरवर्षी म्हणत, भाऊ, कापून टाका, एक दिवस सगळ्यांना जाळाल. भाऊंचं उत्तर ठरलेलं. "कापाचं नाई. बाईच्या माहेरचा वास हाय तो." बाई म्हणजे त्यांची बायको, इंदूबाई. त्यांचं माहेर एटापल्लीच्याही पुढे, डोंगराला लागून. घर बांधलं तेव्हा भाऊंनी तिकडूनच तिखाडीची मुळं पोत्यात घालून आणली होती.

तेल कसं पेटतं हे मला पटवायला ते एकदा माझ्या घरी आले, कारण त्यांच्या घरी आगीला बंदी. देवापुढच्या समईसमोर त्यांनी संत्र्याचं साल दाबलं. भुर्रकन जाळ उठला आणि आमच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीचा पदर करपला. "हे तं नुसतं साल हाय," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "माह्या परसात तं तेलच तेल उभं हाय." आमच्या हिने त्यानंतर त्यांना चहा दिला तो ओसरीवरच.

त्यांचा दुसरा छंद मला जास्त छळायचा. पान चुरडून ते माझ्या नाकाशी धरत आणि विचारत, "कसा वास येऊन राह्यला, सांगा." नुसतं 'छान' चालत नसे. "छान तं सारेच म्हणते. बराबर सांगा." एकदा मी वैतागून म्हटलं, लिंबू आणि आलं एकत्र ठेचल्यासारखा. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला. इंदूबाईंना सांगत होते, "आज तं लिंबू अन आलं संगं ठेचल्यावानी वास येऊन राह्यला." माझं वाक्य माझ्याच कानांदेखत चोरीला गेलं. मी मनात म्हटलं, म्हातारा बायकोपुढे फुशारक्या मारतोय.

यंदाच्या मार्चमध्ये मोहाची फुलं पडू लागली. आमच्याकडे फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. भाऊंनी जन्मभर लोकांना हे करू नका म्हणून सांगितलं, आणि जन्मभर लोकांनी केलं. जंगलातल्या रिवाजाप्रमाणे ते दरवर्षी परसाभोवती जाळरेषा काढत, म्हणजे पाचोळा हटवून उघड्या मातीचा पट्टा ठेवत. पण त्या दुपारी वारं सुटलं आणि मागच्या मोहाखालचं एक जळतं पान तो पट्टा ओलांडून आलं.

इंदूबाई त्या दिवशी दवाखान्यात गेल्या होत्या. भाऊ आणि मी भाऊंच्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. मला धुराचा वास आला, पाठोपाठ अत्तराची बाटली फुटावी तसा तिखाडीचा दरवळ. मी म्हटलं, "भाऊ, जळतंय काहीतरी."

"कुठी?" भाऊ म्हणाले. आणि ते चारी दिशांना पाहू लागले. वास तर डोकं गरगरेल इतका होता. त्यांचा चेहरा हरवलेल्या पोरासारखा झाला होता.

जाळ दिसला तेव्हा मात्र भाऊ पुन्हा जंगलखात्याचे झाले. ओली फांदी तोडून त्यांनी आग झोडपून काढली, मीही हात चालवला. अर्धी तिखाडी गेली, घर वाचलं.

इंदूबाई दवाखान्यातून परतल्या तेव्हा भाऊ विहिरीवर हातपाय धूत होते. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्यायले वास येत नाई, मास्तर. नौकरीत धूर खाऊन खाऊन नाक गेलं. मले सांगत नाई. तुमच्यापासून इचारून घेते अन मले येऊन सांगते. मले सारं ठाव हाय." मग म्हणाल्या, "म्हून उन्हाळाभर मी दुपारची झोपत नाई. आग लागली तं त्यायले कोन सांगीन? आज एक दिवस बाहेर गेली, तं हे झालं."

"मग तुम्हीच का नाही कापायला सांगत?"

"माह्यासाठी लावली नं त्यायनं. कसं सांगू?"

मी विहिरीकडे पाहिलं तर भाऊंची आमच्याकडे पाठ होती. लोटा हातात तसाच होता आणि पाणी ओतायचं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर आलो. भाऊ परसात कुदळ घेऊन वाकले होते. जळलेली आणि न जळलेली, सगळी तिखाडी त्यांनी मुळासकट खणून काढली होती. अंगावर घामाच्या धारा होत्या.

"भाऊ, हे काय केलंत?" मी ओरडलोच.

त्यांनी ओसरीकडे हात केला. "हळू बोला, मास्तर. बाई झोपून राह्यली."