मुंडकं, पाठ, धार

दाजीबांना पोस्टाच्या खिडकीतून चार आणे परत द्यायची वेळ आली की मी आधी घड्याळाकडे बघायचो. ते नाणं सरळ खिशात जात नसे. कोटातून भिंग निघायचं आणि "आधी मुंडकं, मंग पाठ, मंग धार," असं पुटपुटत तपासणी सुरू व्हायची. मागे मनीऑर्डरवाल्यांची रांग वाढायची. मी म्हणायचो, "दाजीबा, सरकारी आहे हो ते, खरंच आहे." ते म्हणायचे, "खरं त हायच, मास्तर. पन कोन हाय?"

मी सिंदीला पोस्टमास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. कापसाचा हंगाम, दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात, आणि वर दाजीबा. रेल्वेच्या मालधक्क्यावर गठाणी मोजता मोजता पेन्शनीत निघालेला माणूस. राजाच्या तोंडवळ्याची जुनी नाणी जाऊन सिंहाची आली तेव्हा आठवडाभर तोंड पाडून बसले. "सिंव्ह कोनाच्या घरचा राह्यते काय?"

दर मंगळवारी त्यांचं एक पत्र असे, नागपूरच्या एका नाणीवाल्या प्रोफेसरांना. आत पेन्सिल घासून कागदावर उठवलेली एकाच नाण्याची छाप. कुरळ्या केसांचा तरुण, डोक्याला काहीतरी बांधलेलं, भोवती परकी अक्षरं. नाणंच पाठवा म्हटलं तर म्हणत, "ते घराबाहीर जात नाई." चार वर्षं उत्तर नाही. बाजारात लोक विचारत, "काय दाजीबा, सापडला का राजा?" "सापडन. मंग बोलजा," म्हणून ते पुढे चालू लागत.

आणि एका मंगळवारी उत्तर आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. रोमच्या बादशहाचं अस्सल चांदीचं नाणं. वय अठराशे वर्षांच्या वर. घेऊन या, तुमच्या नावानिशी छापतो.

मला वाटलं, म्हातारा आता नाचेल. त्यांनी एवढंच विचारलं, "डोक्याले बांधलं ते काय म्हनते?"

"विजयाची माळ. पानांची. मागे फितीची गाठ."

"मुंडावळ्या नाईत?"

"रोमात कुठल्या मुंडावळ्या, दाजीबा?" म्हणत मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

"दुपारी घरी येजा, मास्तर," ते म्हणाले. "पन तोंड उघडू नोका."

गेलो. घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक घडवून देवघरात पुजायची आमच्याकडे रीत आहे. दाजीबांच्या देवघरात टाकांच्या ओळीत शेवटी ते नाणं होतं, हळदीकुंकवानं माखलेलं. त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, मला पाटावर बसवलं.

"हा आमचा मधू," त्या म्हणाल्या. "लगन ठरलं होतं, अन् तापानं गेला. टाक घडवाले सोनाराकडं जानार, त त्याच हप्त्यात वडनेरले, माह्या माहेरच्या वावरात, हा वखराखाली निंघाला. पाहा, मुंडावळ्या बांधूनच आला." मग नवऱ्याकडे वळून, "काय म्हनते नागपूर?"

दाजीबा खाली पाहत म्हणाले, "त्याइले काई ओयखू येत नाई. म्हनते, कोन्या चांगल्या घरचं पोरगं दिसते."

"मंग मी काय म्हनत होती?" म्हणून त्यांनी नाण्याला कुंकू लावलं.

फाटकापाशी मी चिडूनच विचारलं, "मग चार वर्षं मला कशाला छळलंत?"

"तो मधू नाई, हे त मले ठाऊकच होतं," दाजीबा म्हणाले. "पन रोज दोनी वक्ताले निवद दाखोतो त्याले. कोनाचं लेकरू हाय, पाह्याले नोको?"

पत्र त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. पोस्टाच्या कपाटात ते पुढे कित्येक दिवस होतं. बाजारात कुणी "सापडला का राजा?" विचारलं की म्हणत, "नाई ना गा, नागपूरवाल्याइलेबी नाई ओयखू आला." लोक हसत, तेही हसत.

पुढल्या मंगळवारी त्यांनी नुसतं एक कार्ड घेतलं. मी चिल्लर पुढे केली. ती त्यांनी न पाहताच खिशात टाकली आणि निघाले. रांग भराभर सरकली. मला ते मुळीच बरं वाटलं नाही.